डिसेंबरची शर्यत, श्रावणातली तयारी

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. सुरेश कलमाडी यांच्या पुढाकाराने आरंभ झालेली ही शर्यत देशातील जुन्या शहरी मॅरेथॉनपैकी एक असून महामारीच्या काळात पडलेला खंड सोडला, तर डिसेंबरचा पहिला रविवार आणि ही शर्यत असे समीकरणच पुणेकरांच्या मनात बसलेले आहे. आरंभीची कित्येक वर्षे आपल्या पिंपरी-चिंचवडकरांच्या लेखी ती ‘पुण्याची’ शर्यत होती. इथिओपिया व केनियाचे धावपटू पुढे, त्यांच्या मागे आपले लष्करातील जवान, आणि आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे. आज चित्र वेगळे आहे. निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा स्पाइन रस्त्यावर पहाटे साडेपाचला गेल्यास घामाने निथळणारे शेकडो स्त्री-पुरुष दिसतात. त्यांत भोसरीचे लघुउद्योजक आहेत, हिंजवडीचे संगणक अभियंते आहेत आणि चाकणच्या कारखान्यांतील पाळीवाले कामगारही आहेत. ही सर्व मंडळी कधी ना कधी आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतात. कुणाचा गुडघा, कुणाची टाच, कुणाची कंबर. आणि जाता जाता सर्वांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, डिसेंबरला पळू ना?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले. प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर काम करणारा तिशीतला तरुण आमच्याकडे ऑक्टोबरात ज्वराची चिकित्सा घेत होता. सांधे मोडून येत होते, प्लेटलेट उतरल्या होत्या. शरद ऋतूत आपल्या परिसरात हे रुग्ण नेहमीचेच. ज्वर उतरला, प्लेटलेट पूर्ववत झाल्या, भूक लागू लागली. नोव्हेंबरच्या मध्यास त्याने तपासणीचा कागद आमच्यापुढे ठेवला आणि अर्धमॅरेथॉन पळण्याची परवानगी मागितली. कागद निर्दोष होता. आम्ही होकार दिला. त्या महिन्यात त्याची रात्रपाळी चालू आहे का, हे आम्ही विचारले नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री तो पाळी संपवून, दोन तास बसमध्ये डुलकी काढून थेट धावायला उभा राहिला. गुडघा दुखू नये म्हणून पहाटे दोन वेदनाशामक गोळ्याही त्याने घेतल्या होत्या. एकवीस किलोमीटर त्याने पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो मांड्या धरून आमच्याकडे आला, तेव्हा अंगदुखीपेक्षा एका गोष्टीने आम्ही सावध झालो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती आणि दिवसभरात एकदाच झाली होती. स्नायूंचे विघटन होऊन त्यातील रंगद्रव्य वृक्कावर येते, तेव्हाचे हे चिन्ह. तेल, गुग्गुळ, शेक यांतले काहीही न करता आम्ही त्याला रिक्षाने रुग्णालयात पाठवले. पाच दिवस सलाइन चालले आणि वृक्क वाचले.

ज्वरमुक्ताने बल परत येईपर्यंत व्यायाम करू नये, हे चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. बल परत आले म्हणजे प्लेटलेट परत आल्या, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. आम्ही कागद वाचला, रोगी वाचला नाही.

या प्रसंगानंतर आम्ही शर्यतीचे पंचांग आणि ऋतुचर्या शेजारी ठेवून पाहिली. शर्यतीचा दिवस निवडण्यात पुणेकरांनी शास्त्राला धरूनच निवड केली आहे, असे म्हणावे लागेल. डिसेंबरचा पहिला रविवार कार्तिकाच्या अखेरीस किंवा मार्गशीर्षाच्या आरंभी येतो. हेमंत उंबरठ्यावर असतो, अग्नी प्रदीप्त होत असतो, शरीराचे बल चढतीला लागलेले असते. पहाटेचा पारा पुण्यात बारा-तेरा अंशांपर्यंत उतरलेला असतो. व्यायामासाठी वाग्भटाने शीतकाल आणि वसंत सांगितले आहेत. त्या दृष्टीने हा दिवस निर्दोष आहे.

दोष दिवसात नाही, तयारीत आहे. पूर्ण मॅरेथॉनची तयारी साधारण सोळा आठवड्यांची असते. डिसेंबरातून सोळा आठवडे मागे मोजले की आपण श्रावणात पोहोचतो. म्हणजे तयारीचा पाया वर्षा ऋतूत घातला जातो. विसर्गकालाचा तो आरंभ; बल सर्वांत अल्प, अग्नी मंद, वात प्रकुपित. चरकाने या ऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. पुढे अंतर वाढत जाते ते आश्विन-कार्तिकात, ऑक्टोबरच्या उन्हात, पित्तप्रकोपाच्या दिवसांत. पंचवीस-तीस किलोमीटरची सर्वांत लांब धाव नेमकी तेव्हाच येते, आणि डेंग्यू-चिकुनगुन्याही तेव्हाच. हेमंतात बल भरून येऊ लागते तोवर तयारी संपत आलेली असते. त्यातच आपल्या भागातील अनेक जण सप्टेंबरात साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून उतरायला जातात. २०१२ पासून होणारी ती डोंगरी अर्धमॅरेथॉन रम्य खरी. पण चढण फुप्फुसाची परीक्षा घेते आणि उतरण गुडघ्याची, आणि गुडघे घेऊन मंडळी आपल्याकडे येतात.

मग काय, श्रावणात धावूच नका असे सांगायचे? तसे सांगून कुणी ऐकत नाही, हा आमचा अनुभव आहे. शिवाय तसे सांगण्याची गरजही नाही. शीतकाल व वसंत सोडून इतर ऋतूंत व्यायाम मंद असावा, असे वाग्भट सांगतो. मंद या शब्दावर आमचा भर आहे. अर्धशक्ती कशी ओळखावी, याचे सुश्रुताने दिलेले लक्षण सर्वज्ञात आहे : हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला की बलाचे अर्ध झाले. कपाळ, नाक, सांधे यांवर घाम येणे व तोंडास कोरड पडणे हीही त्याची चिन्हे. आज धावण्याचे प्रशिक्षक काय सांगतात? शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने आठवड्यातील बहुतेक अंतर धावा. बोलता बोलता तोंडाने श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. शब्द निराळे, लक्षण तेच. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या धावपटूला आम्ही श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मनगटावरचे घड्याळ घरी ठेवायला सांगतो. वेग मोजायचा नाही, श्वास मोजायचा. अंतर वाढवण्याबाबत चरकाचा पादांशिक क्रम आहेच. ज्या अध्यायात व्यायामाचे गुण व अतिव्यायामाचे दोष सांगितले आहेत, त्याच अध्यायात सवय सोडण्या-धरण्याचा हा पावापावाचा क्रम सांगितला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एका रविवारी दहा आणि पुढच्या रविवारी अठरा, हा क्रम नव्हे.

येथे एक शंका कुणी वैद्यबंधू घेईल आणि ती रास्त आहे. अर्धशक्तीचा नियम मानायचा, तर बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर धावणे त्यात बसते कोठे? प्रामाणिक उत्तर असे की बसत नाही. हे अंतर मुळात शरीरशास्त्रातून आलेलेच नाही. १८९६ साली अथेन्सला ते सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून राजघराण्याच्या आसनापर्यंत मोजणी केली आणि हा विचित्र आकडा आला, तो १९२१ मध्ये कायम झाला. १९२० च्या अँटवर्पमध्ये तर ते पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले धावले आणि दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांनी खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार धरला, आणि चौगुले त्याच पहिल्या तुकडीतले. म्हणजे आपल्या मुलखाचे या शर्यतीशी नाते १९८३ च्या कितीतरी आधीचे आहे. चौगुल्यांसारख्याची अर्धशक्ती आणि दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याची अर्धशक्ती एक नव्हे, हे उघड आहे. पण शर्यतीच्या दिवशी चौगुलेही अर्धशक्तीवर थांबले नसतील. म्हणून पूर्ण मॅरेथॉनला आम्ही अतियोगच मानतो आणि तसे रुग्णाला स्पष्ट सांगतो. वर्षातून एक दिवस जाणूनबुजून केलेला अतियोग; त्याच्या आधीची व नंतरची काळजी घेतली तर सोसणारा, न घेतली तर न सोसणारा. चाळिशी ओलांडलेल्या, पहिल्यांदाच धावणाऱ्या माणसाला आम्ही एकवीस किलोमीटरपुढे जाऊ देत नाही. यावर काही रुग्ण नाराज होऊन दुसरीकडे गेले आहेत. जाऊ द्यावेत.

मार्गाकडेही वैद्याने लक्ष द्यावे, असे आमचे मत आहे. अलीकडच्या वर्षांत पुण्याची शर्यत स्वारगेटजवळच्या सणस मैदानापासून निघून सिंहगड रस्त्याने नांदेड सिटीकडे जाते आणि परतते. पूर्ण मॅरेथॉनला ही फेरी दोनदा होते. हा रस्ता मुठेच्या प्रवाहाविरुद्ध जाणारा, म्हणून जाताना न जाणवणारा चढ आणि येताना उतार. फेरी दोनदा असल्याने अर्ध्यावर धावपटू पुन्हा सुरुवातीच्या मैदानाशी येतो. ज्याचे सत्त्व डळमळीत आहे तो तेथेच थांबतो. आणि थांबणे योग्य असताना जो थांबत नाही, तो दुसऱ्या फेरीत कोसळतो. म्हणून आपला रुग्ण पूर्ण अंतर धावत असेल तर त्याच्या घरच्यांना आम्ही सांगतो की शेवटच्या रेषेवर हार घेऊन उभे राहू नका, अर्ध्यावर उभे राहा. त्याला त्याचे नाव, दिवस, पुढे कोणता चौक येणार असे साधे प्रश्न विचारा. उत्तर गोंधळलेले आले, चाल लडखडली, छातीत जड वाटते म्हणाला, तर तेथूनच त्याला बाहेर काढा. मुंबईच्या मॅरेथॉनचे गणित वेगळे. २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या त्या शर्यतीत हवा दमट, घाम सुकत नाही आणि पेडर रस्त्याचा चढ परतताना, शक्ती संपत आल्यावर येतो. पुण्याच्या कोरड्या थंडीत घाम जाणवत नाही आणि मुंबईत तो थांबत नाही. दोन्ही ठिकाणी पाण्याचा सल्ला एकच देणे योग्य नव्हे.

पाण्याविषयी एक गैरसमज आपणही पसरवतो. ‘भरपूर पाणी प्या’ हे आपले तोंडपाठ वाक्य. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले आणि त्याचा संबंध धावताना अतिशय पाणी पिण्याशी होता. असा रुग्णही चक्कर, मळमळ, भ्रम घेऊन येतो, तहानेने व्याकूळ झालेल्यासारखाच दिसतो. त्याला आणखी पाणी पाजले तर आक्षेप येऊ शकतात. मदतकेंद्रावर बसणाऱ्या वैद्यांनी हे ध्यानी ठेवावे : बोटातली अंगठी घट्ट झाली आहे, वजन सुरुवातीपेक्षा वाढले आहे, तर पाणी थांबवा आणि रुग्णवाहिका बोलवा. तहानेनुसार घोट घोट पाणी, सैंधव घातलेले ताक शर्यतीनंतर, हा मार्ग निर्धोक.

रात्रपाळीचा विषय चाकणच्या वैद्यांना वेगळा सांगायला नको. वाग्भटाने अतिव्यायाम, जागरण आणि अध्वा एकाच श्लोकात गुंफले आहेत आणि त्यांचे अतिसेवन करणाऱ्याला हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. नाशिक रस्त्याच्या कोंडीत तास-दीड तास बसमध्ये हादरे खाणारा, आठवड्या-आठवड्याला पाळी बदलणारा आणि सुट्टीच्या दिवशी वीस किलोमीटर धावणारा तरुण हे तिन्ही एकत्र करतो. त्याला आम्ही आता पहिला प्रश्न पाळीचाच विचारतो. रात्रपाळीच्या आठवड्यात लांब धाव नाही. फक्त चालणे, अभ्यंग, झोप. चरकाने सिद्धिस्थानात व्यायाम, भार, अध्वा, यान यांनी कृश झालेल्यांसाठी मात्राबस्ती सांगितली आहे. जणू हा कामगार समोर ठेवूनच. तिला पथ्याची कडक बंधने नाहीत, पाळी सांभाळून ती देता येते आणि गुडघा-कंबरेच्या तक्रारीत तिचा उपयोग आम्हाला चांगला दिसला आहे. धावणाऱ्याचे भोजन स्निग्ध असावे, हाही शास्त्राचा आग्रह. पण तूप बंद करून कोरड्या चपात्या आणि उकडलेली कोंबडी यांवर धावणारे तरुण आम्ही रोज पाहतो, आणि त्यांच्या टाचांच्या भेगाही.

आता औषधविक्रेत्या बंधूंसाठी, कारण नोव्हेंबरात खरी गर्दी त्यांच्या दुकानात होते. ‘स्टॅमिना वाढवणारे काही द्या’ या मागणीला उत्तर देण्यापूर्वी एक जुनी शर्यत आठवावी. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन थॉमस हिक्सने जिंकली. भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर ३२ जण निघाले आणि १४ पोहोचले. हिक्सला वाटेत त्याच्या सहाय्यकांनी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यातून स्ट्रिक्निन पाजले, वर ब्रँडी दिली. शेवटी त्याला धरून न्यावे लागले. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कुचल्यातील विष. शुद्धीने ते घटते, नाहीसे होत नाही. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी ही आपली नित्याची औषधे, आणि स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध. तीच गोष्ट सोम वनस्पतीतील इफेड्रिनची. शर्यतीच्या धास्तीने आदल्या दिवशी पोट बिघडते, तेव्हा कर्पूर रस मागितला जातो. त्यात अहिफेन आहे, म्हणजे मॉर्फिन. जातीफलादी चूर्णात भांग आहे. यांपैकी कुचला, अहिफेन, भांग ही द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टातील असून ती वैद्यकीय देखरेखीखालीच द्यायची, हे आपल्याला माहीत आहेच; पण पारितोषिकासाठी धावणाऱ्या गुणी खेळाडूची चाचणी होऊ शकते आणि चाचणीत सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी त्या खेळाडूवरच येते, हे सर्वांना माहीत नसते. वैद्याने दिले होते, ही सबब तेथे चालत नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीची अनेक वर्षांची मेहनत पन्नास रुपयांच्या गोळ्यांनी वाया जाऊ शकते. म्हणून गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावा : स्पर्धेत नाव दिले आहे का? आणि पारितोषिकाच्या रांगेतला असेल, तर निनावी डब्यातील ‘शक्तिवर्धक’ चूर्ण त्याला कितीही नफा असला तरी देऊ नये. शर्यतीच्या आठवड्यात कोणतेही नवे औषध सुरू करू नये, हा नियम तर सर्वांनाच लागू. अश्वगंधा द्यायची असेल तर ती श्रावणात द्यावी. डिसेंबरच्या शनिवारी दिलेली अश्वगंधा रविवारी पळत नाही.

वेदनाशामक गोळ्यांविषयी मात्र आपण कठोर व्हावे. धावण्यापूर्वी त्या घेतल्या की वेदना दबते आणि घामाने आटलेल्या वृक्कावर भार वाढतो. आमच्या तरुणाच्या बाबतीत ज्वर, जागरण आणि गोळ्या यांपैकी नेमका दोष कशाचा होता, हे कुणी सांगू शकत नाही. तिन्ही एकत्र आले, आणि त्यांपैकी दोन आम्ही विचारले असते तर कळले असते.

चाळिशीपुढील, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे, घरात अकाली हृद्रोग झालेले अशा सर्वांना आम्ही आता आधी हृदयाचा आलेख व आवश्यक तर ताणचाचणी करून आणायला सांगतो. यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही. ज्येष्ठात देहूची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसतात. शेकडो पाय हातांखालून जातात आणि कोणता पाय पुढे जाईल, कोणता थांबवायला हवा, हे बोटांना कळते. धावणाऱ्यांचे पाय आपण तितक्या लक्षपूर्वक पाहत नाही. ते बूट काढतच नाहीत.

तो लेथवरचा तरुण पुढे दोन वर्षे धावला नाही. नंतर श्रावणात एकदा आला. पाळी आता पहिली कायम झाली होती. “डिसेंबरला पळू ना?” त्याने विचारले. आम्ही बूट काढायला सांगितले, टाचा पाहिल्या, जीभ पाहिली, नाडी पाहिली, झोप किती तास होते ते लिहून घेतले. सहचर तेलाची बाटली दिली, आणि उत्तर घ्यायला दसऱ्यानंतर या म्हणून सांगितले.